हायडनने मोझार्टच्या पंगतीत बसवलेला संगीतकार एका राजाच्या खुनानंतर जगाच्या विस्मरणात गेला

साल १७५६. जर्मन बोलणाऱ्या मुलखात पाच महिन्यांच्या अंतराने दोन मुलं जन्माला आली.

पहिला जानेवारीत, साल्झबर्ग शहरात. दुसरा जूनमध्ये, माइन नदीकाठच्या मिल्टेनबर्ग गावात. दोघंही संगीतकार झाले. दोघांनीही ऑपेरा लिहिले, सिंफनी लिहिल्या, चर्चसाठी संगीत लिहिलं. पहिला १७९१ च्या डिसेंबरमध्ये वारला, तेव्हा त्याचं वय होतं ३५. दुसरा त्यानंतर वर्षभराने, १७९२ च्या डिसेंबरमध्ये गेला, वय ३६.

पहिल्याचं नाव वोल्फगांग आमाडेउस मोझार्ट. त्याची ओळख वेगळी करून द्यायला नको. पाश्चात्त्य संगीत कधीच ऐकलं नसेल, तरी टायटन घड्याळाच्या जाहिरातीची धून तुमच्या कानावरून गेलेलीच आहे. ती मोझार्टच्या २५ व्या सिंफनीतली.

दुसऱ्याचं नाव योझेफ मार्टिन क्राउस. हे नाव मात्र पाश्चात्त्य संगीताची आवड असणाऱ्यांनीही अनेकदा ऐकलेलं नसतं. ज्यांनी ऐकलंय ते त्याला स्वीडनचा मोझार्ट म्हणतात. म्हणजे ओळख मिळाली तीही दुसऱ्याच्या नावाने.

विशेष म्हणजे त्या काळातला सगळ्यात मोठा संगीतकार योझेफ हायडन या दोघांनाही ओळखत होता, आणि आपण पाहिलेल्या अस्सल प्रतिभावंतांमध्ये त्याने दोघांचीही गणना केली होती.

मग एक जण घराघरात पोहोचला आणि दुसरा गायब का झाला? या गोष्टीत एक राजा आहे, मुखवट्यांचा एक नाच आहे, एक खून आहे आणि एक जिगरी दोस्तही आहे.

आधी सिंफनी म्हणजे काय ते पाहू

सिंफनी म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिलेली मोठी रचना. त्यात सहसा गायक नसतो, शब्द नसतात. व्हायोलिन, चेलो, बासरी, ओबो, हॉर्न, ड्रम अशा वाद्यांनीच सगळं सांगायचं. रचनेचे तीन किंवा चार भाग असतात. एखादा भाग वेगवान, एखादा संथ. सगळं मिळून वीस मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत चालतं.

साधारण १७५० ते १८२० हा काळ पाश्चात्त्य संगीतात क्लासिकल काळ म्हणून ओळखला जातो. या काळात युरोपभर शेकडो संगीतकारांनी हजारो सिंफनी लिहिल्या. त्यातून सामान्य श्रोत्यांच्या लक्षात राहिली तीनच नावं. हायडन, मोझार्ट आणि बीथोव्हन. वानहाल, डिटर्सडॉर्फ, रोझेटी, मिस्लिवेचेक ही त्या काळात गाजलेली मंडळी आज फक्त जाणकारांपुरती उरली आहेत.

क्राउसही याच यादीतला. पण त्याची गोष्ट जरा जास्तच चटका लावणारी आहे.

वकील व्हायला निघालेला पोरगा

क्राउसचे वडील सरकारी अधिकारी होते. कुटुंब पुढे बुखेन नावाच्या छोट्या गावात स्थायिक झालं. पोरगा हुशार होता, म्हणून १२ व्या वर्षाच्या आसपास त्याला मानहाइमच्या जेझुइट शाळेत पाठवलं.

हा निर्णय त्याच्या पुढच्या आयुष्यासाठी महत्त्वाचा ठरला. कारण त्या काळात मानहाइमच्या दरबाराचा वाद्यवृंद युरोपात नावाजलेला होता. अगदी हळू आवाजापासून सुरू करून सगळ्या वाद्यांचा आवाज एकसाथ चढवत नेणं ही त्यांची खासियत. नुसतं ते ऐकायला लोक लांबून यायचे. क्राउस याच शहरात वाढला.

पण संगीतावर पोट भरेल असं घरच्यांना वाटत नव्हतं. १७७३ साली पोपने जेझुइट संघटनाच बरखास्त केली आणि क्राउसचं मानहाइम सुटलं. मग कायद्याचं शिक्षण सुरू झालं. आधी माइन्झ, मग एर्फुर्ट. १७७५ मध्ये वडिलांवर पदाचा गैरवापर केल्याचा आरोप झाला, घरची घडी विस्कटली आणि क्राउसला शिक्षण अर्धवट टाकून वर्षभर घरी बसावं लागलं.

त्या वर्षात त्याने काय केलं? गावातल्या चर्चसाठी संगीत लिहिलं आणि एक शोकांतिका नाटकही लिहून काढलं.

पुढे कायद्याचं राहिलेलं शिक्षण पूर्ण करायला तो ग्योटिंगेनला गेला. तिथे त्याची गाठ तरुण कवींच्या एका गटाशी पडली. त्या काळात जर्मन साहित्यात स्टुर्म उंड ड्रांग नावाची लाट आली होती. मराठीत म्हणायचं तर वादळ आणि आवेग. नियम, शिस्त, दरबारी गोडवा बाजूला ठेवा आणि मनात जे खदखदतंय ते मांडा, असा त्या तरुणांचा पवित्रा होता.

क्राउसला हे पटलं. १७७८ मध्ये त्याने संगीतावर एक छोटं पुस्तक छापलं, तेही लेखकाचं नाव न देता. त्यात भल्याभल्या संगीतकारांची हजेरी घेतली होती. वय होतं अवघं २१.

दोस्ताच्या शब्दावर स्टॉकहोम गाठलं

ग्योटिंगेनमध्ये त्याच्यासोबत कार्ल स्ट्रिड्सबर्ग नावाचा एक स्वीडिश विद्यार्थी शिकत होता. आमचा राजा कलेचा मोठा भोक्ता आहे, तू स्टॉकहोमला चल, तुझं भलं होईल, असं त्याने क्राउसच्या डोक्यात भरवलं.

यात तथ्यही होतं. स्वीडनचा राजा गुस्ताव तिसरा खरोखरच नाटकवेडा होता. तो स्वतः नाटकं लिहायचा. त्याने १७७१ मध्ये संगीत अकादमी उभी केली आणि १७७३ मध्ये स्वीडिश भाषेतला ऑपेरा सुरू केला. तोवर युरोपात ऑपेरा म्हटलं की इटालियन किंवा फ्रेंच भाषा हेच समीकरण होतं. आपल्या भाषेत ऑपेरा व्हावा, हे गुस्तावचं स्वप्न होतं.

१७७८ च्या जूनमध्ये क्राउस स्टॉकहोमला पोहोचला. कायद्याची पुस्तकं कायमची मिटली.

पण राजापर्यंत पोहोचणं सोपं नव्हतं. अनोळखी देश, परकी भाषा, खिशात पैसे नाहीत. दरबारात आधीच बस्तान बसवलेल्या मंडळींना नवा वाटेकरी नको होता. क्राउसने अझीर नावाचा ऑपेरा लिहिला, तो नाकारला गेला. तीन वर्षं हलाखीत गेली.

शेवटी त्याला परीक्षेचा पेपर मिळाला, तोही थेट राजाकडून. प्रोसर्पिन या ऑपेराची कथा गुस्तावने स्वतः रचली होती आणि ती काव्यात बसवली होती कवी शेलग्रेनने. क्राउसने त्याला संगीत दिलं. १७८१ च्या जूनमध्ये उल्रिक्सडाल राजवाड्यात तो सादर झाला आणि राजा खूश झाला. क्राउसची दरबाराचा उपप्रमुख संगीतकार म्हणून नेमणूक झाली. तेव्हा तो २५ वर्षांचाही नव्हता.

हिरॉईन पळाली आणि ऑपेरा रखडला

राजाने लगेच मोठं काम दिलं. स्टॉकहोममध्ये नवं भव्य ऑपेरा हाऊस बांधून होत होतं. त्याच्या उद्घाटनासाठी रोमन पुराणकथेतल्या ईनियास आणि कार्थेजची राणी डायडो यांच्यावर ऑपेरा ठरला. संगीत क्राउसचं.

क्राउस कामाला लागला. आणि ऐन वेळी ऑपेराची मुख्य गायिका कॅरोलिन म्युलर नवऱ्यासोबत देश सोडून पळून गेली. कारण होतं डोक्यावरचं कर्ज.

तिच्याशिवाय हा ऑपेरा होणं शक्य नव्हतं. १७८२ च्या सप्टेंबरमध्ये उद्घाटन झालं ते नाउमान या दुसऱ्या संगीतकाराच्या ऑपेराने. क्राउसचा ऑपेरा बासनात गेला. तो रंगमंचावर यायला १७९९ साल उजाडलं. तोवर क्राउसला जाऊन सात वर्षं होत आली होती.

आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम त्याने रंगमंचावर कधी पाहिलंच नाही.

राजाच्या खर्चाने युरोप आणि हायडनची भेट

गुस्तावने मात्र त्याला वाऱ्यावर सोडलं नाही. युरोपातलं नाटक आणि संगीत पाहून ये, शिकून ये, असं म्हणत त्याने क्राउसला १७८२ मध्ये दौऱ्यावर पाठवलं. खर्च राजाचा. हा दौरा चालला कित्येक वर्षं. जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली, फ्रान्स, इंग्लंड असं सगळं त्याने पालथं घातलं.

१७८३ मध्ये तो व्हिएन्नात होता. मोझार्टही तेव्हा याच शहरात राहत होता. क्राउस ज्याला आदर्श मानायचा, त्या म्हाताऱ्या ग्लुकशी त्याची इथेच भेट झाली. सालिएरीशी ओळख झाली. आणि एस्तरहाझाच्या राजवाड्यात जाऊन तो हायडनला भेटला.

त्याच सुमाराला क्राउसची सी मायनर सिंफनी तयार झाली. ती त्याने हायडनसाठी लिहिली, असं परंपरेने सांगितलं जातं.

या सिंफनीची जन्मकथाही रंजक आहे. आधी क्राउसने सी शार्प मायनर या पट्टीत एक सिंफनी लिहिली होती. अठराव्या शतकात सिंफनीसाठी ही पट्टी जवळपास कोणी वापरतच नसे, कारण त्या काळातल्या वाद्यांवर ती वाजवणं अवघड. नंतर त्याने तीच रचना सी मायनरमध्ये नव्याने बांधली. तिच्यातला मिन्युएट, म्हणजे दरबारी नाचाच्या चालीवरचा भाग, सरळ काढून टाकला. करमणुकीची जागाच शिल्लक ठेवली नाही.

तेव्हाच्या सिंफनी बहुतेक करून प्रसन्न असायच्या. सरदार मंडळींनी जेवणानंतर ऐकायच्या. क्राउसची ही सिंफनी सुरू होते तीच जड पावलांनी, एकमेकांना खेटून जाणाऱ्या सुरांमधून. मग अचानक वेग पकडते आणि शेवटपर्यंत सैल पडत नाही. ग्योटिंगेनच्या त्या वादळी कवींच्या संगतीचा असर इथे ऐकू येतो.

राजाचा माणूस

१७८७ मध्ये क्राउस स्टॉकहोमला परतला. पुढच्याच वर्षी तो दरबाराचा मुख्य संगीतकार झाला. वाद्यवृंद, ऑपेरा, शिकवणं अशी सगळी जबाबदारी त्याच्याकडे आली.

पण तोवर राजाचं आणि सरदारांचं फाटलं होतं. १७८८ मध्ये गुस्तावने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. ते सरदारांना मान्य नव्हतं. १७८९ मध्ये राजाने संसदेचं अधिवेशन बोलावलं, इतर वर्गांना हाताशी धरलं आणि सरदारांचे अधिकार छाटून सत्ता स्वतःच्या हातात घेतली.

या अधिवेशनाच्या सोहळ्यासाठी संगीत लिहिलं होतं क्राउसने. एक सिंफनी आणि एक मार्च. गंमत म्हणजे तो मार्च त्याने मोझार्टच्या इडोमेनेओ या ऑपेरातल्या मार्चवरून बेतला होता.

राजा जिंकला. पण अपमान झालेले सरदार गप्प बसणार नव्हते.

मुखवट्यांचा नाच आणि गोळी

१६ मार्च १७९२ ची रात्र. स्टॉकहोमच्या ऑपेरा हाऊसमध्ये मुखवट्यांचा नाच होता. त्याच संध्याकाळी राजाच्या हातात एक निनावी पत्र पडलं. तुमच्या जिवाला धोका आहे, जाऊ नका, असा त्याचा मतितार्थ होता.

गुस्तावने पत्र वाचलं आणि तरीही तो गेला.

चेहऱ्यावर मुखवटा होता, पण छातीवरचं राजसन्मानाचं पदक झाकलेलं नव्हतं. गर्दीत काळे मुखवटे घातलेल्या माणसांनी त्याला घेरलं. आंकारस्ट्रॉम नावाच्या माजी लष्करी अधिकाऱ्याने मागून पिस्तूल झाडलं.

राजा जागीच गेला नाही. जखम चिघळत गेली आणि २९ मार्चला त्याने प्राण सोडला. आंकारस्ट्रॉमला एप्रिलमध्ये मृत्युदंड झाला.

ज्या राजाने स्वीडिश ऑपेरा उभा केला, त्याच्यावर गोळी झाडली गेली ती त्यानेच बांधलेल्या ऑपेरा हाऊसमध्ये. पुढे याच घटनेवर इटलीच्या व्हेर्दीने ऑपेरा लिहिला. राजाचा खून रंगमंचावर दाखवायला सेन्सॉरची परवानगी मिळेना, म्हणून १८५९ मध्ये तो आला तेव्हा कथा थेट अमेरिकेतल्या बॉस्टनला नेलेली होती.

पण खुनानंतर सगळ्यात आधी संगीत लिहायची वेळ आली ती क्राउसवर.

ड्रमच्या ठोक्यांनी सुरू होणारी सिंफनी

हातात वेळ फार कमी होता. एप्रिलमध्ये राजाचं पार्थिव रिद्दारहोल्मेन चर्चमध्ये न्यायचं होतं आणि मे महिन्यात दफनविधी होता. काही आठवड्यांत क्राउसने दोन मोठी कामं पूर्ण केली. एक शोक सिंफनी आणि दुसरी गायकांसह सादर होणारी दफनविधीची रचना.

शोक सिंफनी ऐकताना पहिल्याच क्षणी कळतं की हे काहीतरी वेगळं आहे. सुरुवात होते ती फक्त ड्रमने. कापड घालून दबका केलेला आवाज, एकेक ठोका. मग हळूहळू वाद्यं येतात. रचनेला चार भाग आहेत आणि चारही संथ. सिंफनीत शेवट तरी जोशात करायचा, हा सर्वमान्य रिवाज. क्राउसने तो पाळला नाही. मधल्या भागात त्याने स्वीडिश चर्चमध्ये दफनाच्या वेळी म्हटलं जाणारं भजन वाद्यांवर आणलं. म्हणजे जमलेल्या प्रत्येकाला ते ओळखीचं वाटणार.

आणि शेवटाला पुन्हा तो ड्रम परत येतो.

परक्या देशात आलेल्या एका पोराला ज्या माणसाने ओळख दिली, ऑपेराची कथा लिहून दिली, जग दाखवलं, त्याच माणसासाठी हे लिहिलेलं होतं. दरबारी नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं संगीत इतकं खरं वाटतं, ते बहुधा त्यामुळेच.

राजा गेला तेव्हा क्राउसची तब्येतही खालावत होती. त्याला क्षयरोगाने गाठलं होतं. १५ डिसेंबर १७९२ रोजी, राजापाठोपाठ नऊ महिन्यांच्या आत, तोही गेला. स्टॉकहोमजवळच्या ब्रुन्सविकेन तलावाचं पाणी थंडीने गोठलेलं होतं. मशालींच्या उजेडात मित्रांनी त्याची शवपेटी बर्फावरून पलीकडे नेली आणि काठावर त्याला मूठमाती दिली.

मग तो विसरला का गेला?

एक उत्तर असं दिलं जातं की काळाच्या चाळणीतून चांगलं तेवढं उरतं. क्राउसच्या बाबतीत हे पटत नाही. त्याच्या विसरलं जाण्यामागे अगदी व्यवहारी कारणं होती.

पहिलं कारण म्हणजे पत्ता. संगीत छापण्याचा आणि विकण्याचा धंदा व्हिएन्ना, पॅरिस, लंडन, लाइपझिग या शहरांत होता. क्राउस होता स्टॉकहोममध्ये. त्याचं बरंचसं संगीत हस्तलिखितातच राहिलं.

दुसरं कारण भाषा. त्याने वर्षानुवर्षं मेहनत घेतली ती स्वीडिश ऑपेरांवर. स्वीडनबाहेर ते कोण लावणार?

तिसरं कारण आश्रयदाता. गुस्तावचा मुलगा गादीवर आला तेव्हा तो १३ वर्षांचा होता. कारभार गेला चुलत्याच्या हाती. आधीच्या राजाची संगीताची हौस पुढे रेटण्यात नव्या कारभाऱ्यांना रस नव्हता.

चौथं कारण घरचं. मोझार्टच्या मागे त्याची पत्नी कॉन्स्टान्झ होती. तिने नवऱ्याच्या संगीताचे कार्यक्रम लावले, हस्तलिखितं प्रकाशकाला विकली, त्याचं नाव जिवंत ठेवलं. क्राउसने लग्नच केलं नव्हतं.

आणि पाचवं कारण म्हणजे नावांचा गोंधळ. तेव्हा कॉपीराइटचं आजच्यासारखं संरक्षण नव्हतं. प्रकाशक जे नाव खपेल ते छापायचे. क्राउसची एक सिंफनी पॅरिसमध्ये चक्क कांबिनी या इटालियन संगीतकाराच्या नावावर छापली गेली. त्याच्या अनेक सिंफनी हरवल्या. नक्की त्याच्याच म्हणता येतील अशा आज डझनभरच हाती आहेत.

नावाची किंमत काय असते याचं एक उदाहरण पाहा. मोझार्टची ३७ वी सिंफनी म्हणून एक रचना वर्षानुवर्षं वाजवली जायची. १९०७ मध्ये उलगडा झाला की ती मुळात हायडनचा धाकटा भाऊ मिखाएल हायडन याची आहे, मोझार्टची फक्त संथ सुरुवात. त्यानंतर ती मागे पडली. सूर तेच होते, वरचं नाव तेवढं बदललं होतं.

एका दोस्ताने पेटी सांभाळली

क्राउसचं सगळंच हरवलं नाही, याचं मोठं श्रेय जातं फ्रेडरिक सॅम्युएल सिल्व्हरस्टॉल्पे याला. हा तरुण स्वीडिश अधिकारी क्राउसचा चाहता आणि मित्र होता. १७९६ मध्ये तो व्हिएन्नाच्या वकिलातीत रुजू झाला आणि तिथे त्याची हायडनशी ओळख वाढली. हायडनने क्राउसबद्दल काढलेले उद्गार आपल्यापर्यंत पोहोचले ते याच्यामुळे.

सिल्व्हरस्टॉल्पेने क्राउसची हस्तलिखितं आणि पत्रं गोळा केली. १८३३ मध्ये, म्हणजे मित्राच्या मृत्यूनंतर ४१ वर्षांनी, त्याने त्याचं चरित्र प्रसिद्ध केलं. त्याने जमवलेला हा ठेवा आज उप्साला विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

विसाव्या शतकात अभ्यासक या कागदांकडे वळले. बर्टिल व्हान बोअर या अमेरिकी संशोधकाने क्राउसच्या रचनांची पद्धतशीर सूची तयार केली. आज त्याच्या रचनांपुढे व्हीबी असा क्रमांक लागतो, तो याच संशोधकाच्या नावावरून. पुढे कॉन्चेर्टो क्योल्न या जर्मन वाद्यवृंदाने आणि स्वीडिश चेंबर ऑर्केस्ट्राने त्याच्या सिंफनींची ध्वनिमुद्रणं केली. तेव्हा कुठे जगाला कळलं की स्टॉकहोममध्ये कोण राहत होतं.

ऐकायचं असेल तर सुरुवात सी मायनर सिंफनीपासून करा, तिचा क्रमांक व्हीबी १४२. टायटनची धून आवडत असेल तर हीसुद्धा आवडेल, कारण दोन्हींचा पिंड एकच आहे, अस्वस्थ आणि वेगवान. त्यानंतर शोक सिंफनी ऐका, व्हीबी १४८. इंटरनेटवर दोन्ही सहज मिळतात.

ज्या ऑपेरा हाऊसमध्ये राजाला गोळी लागली ते १८९२ मध्ये पाडलं गेलं. राजाही गेला, त्याचा दरबारही गेला. तो ड्रम मात्र आजही ऐकता येतो, कारण एका मित्राने कागदांची ती चळत जपून ठेवली.